कुप्पीताईंचं कार्ड

शनिवारी सकाळी अकरा वाजले की त्या घरातल्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही, असा कायदा होता. कायदा कुप्पीताईंनी केला होता आणि तो मोडायची छाती घरात कोणाची नव्हती. मुलगा मोठ्या हुद्द्यावर असेल, सून कमावती असेल, पण शनिवारी अकरा ते एक ती खुर्ची कुप्पीताईंची. बाह्या वर सारून, चष्मा दोनदा पुसून त्या बसायच्या आणि घरात एकदम पाहणीचे साहेब आल्यासारखी शांतता पसरायची.

कुप्पीताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दोऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या यंत्रांना तेल घालायच्या कामावर होत्या. हातात सदा लांब चोचीची तेलाची कुप्पी, म्हणून कुप्पीताई. चोवीस यंत्रं त्यांच्या ताब्यात. प्रत्येक यंत्राच्या कुशीला एक पत्र्याचा खिसा आणि खिशात एक कार्ड. तेल कधी घातलं, यंत्र किती तापतं, आवाज कसा येतो, हे सगळं त्या कार्डावर लिहायच्या. महिनाअखेरीला एक कारकून यायचा, कार्डं गोळा करायचा, सुतळीने बांधायचा आणि कपाटात टाकायचा. एकतीस वर्षांत त्यातलं एखादं कार्ड कोणी वाचल्याचं ताईंच्या ऐकिवात नव्हतं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘सात नंबर, डावीकडे कुरकुर, बंद करावं.’ तिसऱ्या दिवशी सात नंबरचा दांडा तुटला आणि आठवडाभराचा माल वाया गेला. साहेब गरजले, “आधी सांगता येत नव्हतं?” ताईंनी कार्ड पुढे केलं. साहेबांनी ते उलटं धरून बघितलं आणि परत दिलं.

हे दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण ते होतं.

कॉम्प्युटर सुनेचा. शाळेच्या पुस्तकांसाठी ती चित्रं काढायची. फुलाचे भाग, हृदयाचे कप्पे, डोंगराचा छेद, असली. मागच्या वर्षी तो कॉम्प्युटर असा काही रेंगाळायला लागला की सकाळी बटण दाबून सून अंघोळ उरकून यायची, तरी तो आपला गोल गोल फिरतच असायचा. एक दिवस तिने वैतागून टेबलावर हात आपटला, तेव्हा ताईंनी विचारलं, “याची देखभाल कोणाकडे आहे?”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बायकोकडे.

“देखभाल म्हणजे?” मुलगा म्हणाला. “अगं आई, हा कॉम्प्युटर आहे. हा चालतो नाहीतर बिघडतो.”

“सहा वर्षांत एकदाही साफसफाई नाही?” ताईंनी कपाळावर हात मारला. “आणि वर त्याला शिव्या देता?”

तिथून पुढे त्यांनी ते काम अंगावर घेतलं. वाचनालयातून पुस्तक आणलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला प्रश्न विचारून विचारून इतकं भंडावलं की त्या लांबून दिसल्या की तो बंद फोन कानाला लावायचा. पण ताई शिकल्या. नको ते प्रोग्राम काढायचे, तात्पुरत्या फाइलींचा गाळ उपसायचा, कचरापेटी खरोखर रिकामी करायची, डिस्क तपासायला लावायची आणि शेवटी जोडणी. जोडणी म्हणजे काय ते कळल्यावर तर त्या हरखूनच गेल्या. फाइल ठेवायला सलग जागा मिळाली नाही की डिस्क तिचे तुकडे करून सापडेल त्या फटीत कोंबते आणि उघडायच्या वेळी ते गोळा करत हिंडते. जोडणी ते तुकडे पुन्हा एका जागी आणून लावते.

“म्हणजे एका रिळाचा दोरा सतरा गोदामांत,” त्या म्हणाल्या. “मग उशीर होणारच की! तुमचं ते मशीन आळशी नव्हतं रे, बिचाऱ्याची वणवण चालली होती.”

तिसऱ्या शनिवारी कॉम्प्युटर दोन मिनिटांच्या आत उभा राहिला. सुनेने तक्रार केली, “आई, पूर्वी हा सुरू होईपर्यंत माझा चहा व्हायचा. आता साधी जांभई द्यायला वेळ मिळत नाही.” ताई नुसतं “हं” म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि जेवताना त्यांनी भात दोनदा घेतला.

कॉम्प्युटरच्या पेटीला त्यांनी पुठ्ठ्याचा खिसा चिकटवला आणि त्यात कार्ड ठेवलं. तारीख, तपासणीला लागलेली मिनिटं, मोकळी जागा, खराब निघालेली जागा, आवाज. शेवटचा रकाना भरायची त्यांची जुनी पद्धत होती. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. मुलाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोट धरून हसला. “आई, थोडं तेलही घाल ना त्याला. वंगणाशिवाय चैन पडत नसेल तुला.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नसतं. ताईंनी लिहिलं, ‘आवाज एकसारखा.’

असे तेहेतीस शनिवार गेले. तपासणीला कधी अठ्ठेचाळीस मिनिटं, कधी पन्नास. चौतिसाव्या शनिवारी अठ्ठावन्न लागली. पस्तिसाव्याला एकाहत्तर, आणि आवाजाच्या रकान्यात लिहावं लागलं, ‘मध्येच टिक्.’ छत्तिसाव्याला शहाण्णव मिनिटं. खराब जागा, जी इतके दिवस शून्य होती, ती चोवीस ठिकाणी निघाली. ताईंनी त्या दिवशी जोडणी केली नाही. कार्डावर लिहिलं, ‘टिक् टिक्, मग दम खातं. माल उतरवावा.’

जेवायला बसल्यावर त्यांनी सांगितलंही. मुलगा म्हणाला, “सात वर्षांचं खोड आहे ते, कुरकुरणारच.” सुनेचा घास हातातच होता. ती म्हणाली, “आई, एवढा शुक्रवार होऊन जाऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते करू.”

शुक्रवारचं तिचंही खरं होतं. विज्ञानाचं अख्खं पुस्तक पहिल्यांदाच एकट्या तिच्याकडे आलं होतं. दोनशे बारा चित्रं. चौदा महिने ती त्यांवर राबली होती, डोळ्यांचं पाणी करून. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्रं पोचली नाहीत तर पुस्तक दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि असं काम एकदा हातचं गेलं की परत कोणी दारात उभं करत नाही. ताईंनी भात कालवायला घेतला. कार्डावर लिहिलं होतं, म्हणजे आपलं काम झालं. एकतीस वर्षांची सवय अशी सहज सुटत नाही.

मंगळवारी सकाळी बेडकाच्या पचनसंस्थेचं चित्र उघडायला अकरा मिनिटं लागली. सून रडकुंडीला आली. मुलगा बूट घालून ऑफिसला निघालाच होता, तो तसाच परत फिरला. “सरक,” तो तिला म्हणाला. “जोडणी लावून जातो. दुपारपर्यंत पळायला लागेल बघ.”

त्याने माऊसला हात घातला आणि त्याच्या मनगटावर एक हात पडला.

“थांब. हात काढ.”

कुप्पीताईंनी कारखान्यात कधी कोणाचा हात धरला नव्हता. त्या स्वतःच जरा दचकल्या. पण हात सोडला नाही.

“आई, मला उशीर होतोय.”

“जोडणी म्हणजे डिस्कवरचा सगळा माल इकडचा तिकडे हलवायचा. धापा टाकणाऱ्या माणसाला कोणी माळा आवरायला लावतं का? पळायला नाही, मरायला लागेल ते.”

“तुला मशीनचं कळतं गं आई. हे तसलं मशीन नाही.”

“आत चकती फिरते की नाही?”

“फिरते.”

“मिनिटाला किती फेरे?”

मुलगा छताकडे बघायला लागला.

“सात हजार दोनशे,” ताई म्हणाल्या. “आमच्याकडे एवढ्या वेगाचं एकच यंत्र होतं आणि त्याच्या जवळ साहेबांना उभं राहायची परवानगी नव्हती. फिरतं ते झिजतं. मला शिकवू नकोस.”

मायलेक असे समोरासमोर उभे, आणि मध्ये सून. तिने काही न बोलता पुठ्ठ्याच्या खिशातून कार्ड काढलं आणि वाचायला लागली. वरच्या ओळीपासून. बोट ठेवून. छत्तीस ओळी. मुलाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला. तिने मान वर केली नाही. कार्ड सुलटं धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं माणूस ताई जन्मात पहिल्यांदा बघत होत्या.

“अठ्ठावन्न, एकाहत्तर, शहाण्णव,” सून हळू आवाजात म्हणाली. “आई, तुम्ही मला शनिवारीच सांगत होतात.” मग तिने सहज विचारलं, “बरं, निदान शनिवारची प्रत तरी आहेच. ती कुठे ठेवता तुम्ही?”

“कसली प्रत?”

“चित्रांची. तुम्ही देखभाल करता तेव्हा प्रत काढून ठेवत असाल ना दर शनिवारी?”

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात तेलवाल्यांना एक नियम पहिल्या दिवशी शिकवत: तेलाचा हात मालाला लावायचा नाही. यंत्र तुमचं, माल गोदामवाल्यांचा. या घरातही त्या तो नियम निष्ठेने पाळत आल्या होत्या. सुनेच्या चित्रांच्या फोल्डरला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण या घरात गोदामवाला कोणी नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुनेला वाटलं, आई ठेवतात. आईंना वाटलं, ज्याचा माल तो ठेवतो.

“माझी चूक,” त्या म्हणाल्या. “यंत्र लखलखीत ठेवलं आणि माल वाऱ्यावर सोडला. तुझी चौदा महिन्यांची मेहनत आहे, आणि मी आपली मिनिटं मोजत बसले.”

“मीही कधी विचारलं नाही, आई.” सून उठून उभी राहिली. एकोणीस चित्रांची दुरुस्ती बाकी होती, मंगळवारचा दिवस गेला तर तो भरून कुठून काढायचा हे तिला माहीत नव्हतं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदा कार्डाकडे. “काम बंद. आधी माल उतरवायचा. आई, तुम्ही सांगाल तसं.”

मुलगा बाहेरून जोडायची डिस्क आणायला दुरुस्तीवाल्याच्या दुकानाकडे पळत सुटला. ऑफिसचे चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि साहेब रस्त्याने धावताहेत! गल्लीत चांगलाच तमाशा झाला म्हणतात.

तो डिस्क घेऊन येईपर्यंत ताईंनी पेटीचं कुशीचं झाकण काढलं, टेबलफॅन स्टुलावर ठेवून त्याचं तोंड आत वळवलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसल्या. सुनेला सांगितलं, सगळं एकदम उचलायचं नाही, दहा-दहा चित्रं घ्यायची. सून माऊसवर, ताई कानावर. “चालू दे... चालू दे... आता थांब. दम खाऊ दे त्याला. हां, घे पुढची.” मुलगा मोजत होता. चाळीस झाली. नव्वद झाली. एकशे बासष्टनंतर सगळं ठप्प. पडद्यावरची पट्टी जागची हलेना, आणि आतून टिक् टिक् असा आवाज आता कानाला काही न लावताही येत होता.

“बंद करून परत सुरू करू,” मुलगा म्हणाला. त्याचीही पाचावर धारण बसली होती.

“अजिबात नाही. आजारी यंत्र एकदा थांबलं की परत उठेल याचा भरवसा नसतो. फिरतंय तोवर आपलं. कुठलं चित्र अडलंय?”

“एकशे त्रेसष्ट. गांडूळ.”

“सोड गांडूळ. पुढचं घे.”

सुनेने गांडूळ सोडलं. पट्टी पुन्हा सरकायला लागली. एकशे सत्तर, एकशे ऐंशी, दोनशे. कोणी चहाचं नाव काढलं नाही. दुपारी तीनला वीस मिनिटं कमी असताना दोनशे बारावं चित्र पलीकडे पोचलं आणि सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने एकेक चित्र नव्या डिस्कवरून उघडून पाहिलं. बेडूक होता, हृदय होतं, डोंगर होता. गांडुळासाठी तीनदा परत जाऊन पाहिलं, ते काही हाती लागलं नाही.

“गांडूळ मी डोळे मिटून काढीन,” ती म्हणाली, आणि सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडली. ताईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. स्क्रूड्रायव्हर अजून दुसऱ्या हातातच होता.

“आता माझे सिनेमे पण घेऊ ना?” मुलाने आशेने विचारलं. “चारशे आहेत.”

घ्यायला लागले. पहिल्या सिनेम्याचं नाव पडद्यावर आलं, आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज झाला आणि डिस्क कायमची गप्प झाली. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्या दोघींनी मोठ्या मनाने तिकडे पाहिलं नाही. जोडणी लावली असती तर ही वेळ सकाळीच आली असती, हे त्याला आपसूक कळलं. तो एवढंच म्हणाला, “आई, सकाळी माझा हात धरलास ते बरं केलंस.” मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

बुधवारी सकाळी दुरुस्तीवाला नवी डिस्क बसवायला आला. जुनी काढताना त्याची नजर कार्डावर गेली. तो ते हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि तिथेच वाचत उभा राहिला.

“ताई, वीस वर्षं झाली मला या धंद्यात,” तो म्हणाला. “लोक माझ्याकडे बैल गेल्यावर झोपा करायला येतात. मेलेली डिस्क घेऊन, रडत. जिवंतपणी माल काढून घेतलेलं घर मी पहिलंच पाहिलं. हे कार्ड मला द्या. दुकानात काचेखाली लावतो.”

“कार्ड मिळणार नाही,” ताई म्हणाल्या. “प्रत काढून घ्या.”

“ताई, आणि एक. यापुढे माझ्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं तर तुमच्याकडे पाठवू का?”

“आधी मी आले की फोन कानाला लावायचं सोडा,” ताई म्हणाल्या, आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला.

पुढचे तीन दिवस सून त्या खुर्चीतून उठली नाही. नव्या डिस्कवर कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळत होता. तिने एकोणीस चित्रं दुरुस्त केली, गांडूळ नव्याने काढलं आणि ते पहिल्यापेक्षा झकास उतरलं. रोज काम संपलं की ताई प्रत काढून घ्यायच्या, आता तेलाचा हात मालाला लागला तरी चालत होता. शुक्रवारी चार वाजता दोनशे बाराच्या दोनशे बारा चित्रं रवाना झाली.

साडेपाचला संपादकबाईंचा फोन आला. सुनेने तो मोठ्या आवाजावर टाकला आणि ताई दारातच थबकल्या. बाईंना चित्रं फार आवडली होती. पुढच्या इयत्तेचं पुस्तकही तिलाच द्यायचं ठरत होतं. मग सुनेने, आता लपवायचं काही कारण नाही म्हणून, मंगळवारची हकीकत सांगितली.

“अहो, म्हणजे सगळं गेलं असतं!” संपादकबाई म्हणाल्या. “कोणी वाचवलं?”

“आमच्याकडे देखभाल खातं आहे,” सून म्हणाली.

“घरात?”

“हो. प्रमुखांना एकतीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांचं कार्ड वाचलं म्हणून वाचलो.”

“मग कृपा करून मला त्यांच्याशी बोलू द्या,” बाईंचा आवाज खाली आला. “माझ्या घरच्या कॉम्प्युटरमधून रविवारपासून काहीतरी टिक् टिक् वाजतंय. माझं सगळं लेखन त्यात आहे हो.”

सुनेने वळून पाहिलं आणि फोन ताईंसमोर धरला.

कारखान्यात देखभाल खात्याच्या टेबलावर एक फोन असायचा. तो फक्त साहेबांनी उचलायचा. साहेब जागेवर नसले की तो वाजून वाजून बंद पडायचा, आणि तेल घालणारी माणसं हात पुसत त्याच्याकडे नुसती बघत उभी राहायची. एकतीस वर्षांत कुप्पीताईंनी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

त्यांनी फोन घेतला. पाठ ताठ केली.

“बोला,” त्या म्हणाल्या. “देखभाल खातं.”